आचलचा शब्द

ज्योत्स्नाबाई तायडे एकतीस वर्षं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. वॉर्डात चाळीस खाटा आणि हाताशी दोघीच, त्यामुळे रोगी निम्मं बोलला की उरलेलं बाईच बोलायच्या आणि कामाला लागायच्या. निवृत्त होऊन मूर्तिजापूरला आल्या तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या शाळेतली नऊ पोरं त्यांच्या हवाली केली.

त्या वर्षी बाईंनी बायबलमधली प्रीतीवरची वचनं पाठांतराला घेतली होती. पोरं घडाघडा म्हणायची, बक्षिसाला रंगीत पेन्सिली मिळायच्या. एका रविवारी दहा वर्षांची आचल उभी राहिली. ती बोलताना अडखळायची. ‘प्रीती’ शब्दाशीच तिची गाडी अडली. ‘प... प...’ पुढच्या बाकावरच्या अश्विनने तिची नक्कल केली आणि सगळे हसले. बाईंनी त्याला दटावलं, आचलच्या वतीने शब्द पुरा केला, ‘छान’ म्हणाल्या आणि पुढच्या पोराला उभं केलं.

त्यानंतर तीन रविवार आचल आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या. तिची आई, माया, सांगत होती की पोरगी आता शाळेतही तोंड उघडत नाही. आचल दाराआड उभी होती. बाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं की अश्विन माफी मागेल. तिने नकारार्थी मान हलवली. मग एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली,

“पोरं हसले, त्याचं मले काई नाई. मी बोलूनच राहिली होती, बाई. तुमी माहा शब्द बोलून टाकला.”

घरी आल्यावर बाई चहा समोर ठेवून बसून राहिल्या. दवाखान्यातले कितीतरी चेहरे त्यांना आठवले. त्या माणसांचं काय सांगायचं राहून गेलं असेल, कोण जाणे.

पुढच्या रविवारी त्यांनी वचन घेतलंच नाही. पोरांसमोर उभं राहून, आपण आचलशी कसं वागलो ते सरळ सांगितलं. मोठ्या माणसानं अशी चूक कबूल करताना पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. अश्विन खाली बघत बसला. मग बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या: एकाने आपल्या आठवड्याबद्दल बोलायचं, दुसऱ्याने शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. पहिल्या दिवशी ते कुणालाच जमलं नाही.

महिनाभराने बाई पोरांना घेऊन उत्तमरावांकडे निघाल्या. उत्तमराव चर्चच्या मंडळीतले जुने सभासद. लकवा मारल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती आणि लोकांनी येणं कमी केलं होतं. वाटेत आचलचं घर लागलं; ती अजून रविवारी येत नव्हती. बाईंनी आग्रह केला नाही, कुठे चाललोय तेवढं सांगितलं. ती चप्पल घालून मागोमाग आली.

उत्तमरावांना ‘बसा’ म्हणायलाही वेळ लागला. पोरं थांबली. अश्विनच्या ओठांवर शब्द आला होता, त्याने तो गिळला. म्हातारा काहीतरी विचारत होता, पण कुणाला नीट कळेना. आचल पुढे सरकली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “ना... नाव विचारून राहिले,” ती म्हणाली आणि आपलं नाव सांगायला लागली. तेही सोपं गेलं नाही. उत्तमराव वाट बघत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. मग दोघं रेल्वेबद्दल बोलत बसली. उत्तमरावांनी हयातभर स्टेशनात काम केलं होतं. तासाभराने उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता.

परतताना अश्विन तिच्या बाजूने चालला. तो काय म्हणाला ते बाईंनी ऐकलं नाही, त्या मुद्दामच चार पावलं पुढे राहिल्या.

आचल अजून अडखळते. वर्षअखेरीला पाळकसाहेबांनी विचारलं, या खेपेला पोरांची वचनं एवढी कमी कशी? बाई म्हणाल्या, “एकच घेतलं, साहेब. अजून शिकूनच राहिलो.”

दर बुधवारी शाळा सुटल्यावर आचल उत्तमरावांकडे जाते. कधी अश्विनही असतो. उत्तमराव त्या दिवशी दुपारपासूनच दाढी करून बसलेले असतात.