दत्ताभाऊंच्या कोंबडीतले जंतू

आमच्या परळच्या लॅबमध्ये जंतू प्लेटवर वाढायला अख्खा दिवस लागतो. तोवर चार बायका काय गप्प बसणार आहेत? म्हणून किस्से साठतात. हे गेल्या वर्षीचे, कोंबडीवाले.

दुकानातल्या कोंबडीतले जंतू अँटिबायोटिक्सना दाद देतात का, ते तपासायचं होतं. पण सॅम्पल देतो कोण? "मॅडम, धंद्याची वाट लावाल," म्हणून सगळ्या चिकनवाल्यांनी आम्हाला कटवलं. भोईवाड्यातले दत्ताभाऊ एकटे म्हणाले, "न्या की. आपल्याला कसली भीती?"

पहिलं सॅम्पल उघडलं, तर पिवळंधमक! "तुमच्यासाठी मुद्दाम हळद-मीठ चोळून दिलंय," दत्ताभाऊ फोनवर खुशीत. सॅम्पल गेलं वाया. आमच्या साहेब, सावंत मॅडम, शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आम्ही ते खात नाही हो."

*

ही बातमी लालबागला माझ्या आईपर्यंत पोचली. ती दारातच उभी. "गुरुवारी कोंबडेक हात लावलंस?"

"ग्लोव्हज होते गं."

तिने जरा विचार केला. "मगे चलात." आणि मला आत घेतलं.

*

औषधाच्या चकत्या प्लेटवर ठेवतात. जंतू मेले की चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. दत्ताभाऊंच्या दुसऱ्या, बिनहळदीच्या सॅम्पलच्या प्लेटवर एकही रिंगण नव्हतं. मला रडूच आलं. ज्याने विश्वासाने दिलं, त्याच्याकडेच सापडावं?

"रिपोर्टमध्ये नाव येणार नाही," सावंत मॅडम म्हणाल्या, "पण त्यांना आपणच जाऊन सांगायचं."

दत्ताभाऊंनी सुरी खाली ठेवली. "माझ्या हातून काही चुकलं?"

"नाही हो. फार्मवर पक्ष्यांना औषधं देतात, तिथून येतं हे. नीट शिजवलं की जंतू मरतात."

"मग हे गिऱ्हाइकाला सांगायला पायजे."

"भाऊ, गटारी तोंडावर आलीय. धंदा बसेल तुमचा."

त्यांनी सुरी उचलून साबणाने धुतली.

*

गटारीच्या रविवारी आम्ही धास्तावूनच भोईवाड्यात गेलो. दुकानावर खडूने लिहिलेली पाटी: "आमच्या कोंबडीत औषधांना न जुमानणारे जंतू सापडले आहेत. नीट शिजवा. हात, सुरी साबणाने धुवा." आणि पाटीखालून रांग, पार देवळापर्यंत. सावंत मॅडमचे डोळे भरले. मला तर या माणसाचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

एक नवखा गृहस्थ पाटी वाचून मागे सरकला. "अहो, इथे जंतू सापडलेत."

रांगेतली एक मावशी पिशवी सावरत म्हणाली, "इथे शोधले म्हणून सापडले. बाकीच्यांनी शोधलेत काय?"