सेंद्रियवाले सर

आमच्या कॉलेजात असेंद्रिय रसायन मी शिकवते आणि सेंद्रिय रसायन बिद्री गावाकडून येणारे एक तरुण सर. माझी मुलगी अकरावीला तिथंच आली. माझ्या तासाला ती खिडकीबाहेर बघत बसायची. सरांचा तास मात्र घरी आल्यावरही संपायचा नाही.

एकदा तिनं गॅसवर चमच्यात साखर धरली. साखर वितळली, तपकिरी झाली, मग कोळशासारखी काळी. दुसऱ्या चमच्यातलं मीठ नुसतं तडतडलं, पांढरंच राहिलं.

"साखर सेंद्रिय. तिच्यातला कार्बन मागं ऱ्हातो. मीठ न्हाय जळत की!" ती सरांच्या आवाजात म्हणाली.

आमच्या मास्तरकीच्या घरात 'नाही'चं 'न्हाय' पहिल्यांदाच ऐकू आलं.

मी म्हटलं, "नुसता कार्बन असून भागत नाही. खायच्या सोड्यात कार्बन आहे, हायड्रोजनही आहे, पण ते एकमेकांना जोडलेले नाहीत. म्हणून तो असेंद्रिय."

"माहितीय. सरांनी सांगितलंय."

ती अभ्यासाला निघून गेली. जळका चमचा मी घासत बसले, नको इतक्या जोरात.

त्यानंतर येता-जाता मी त्यांच्या वर्गापाशी रेंगाळू लागले. आत हशा असायचा. माझ्या वर्गातल्या शांततेला मी इतकी वर्षं शिस्त समजत होते.

मग एका संध्याकाळी मुलगी वही घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, युरियात कार्बन-हायड्रोजनचा बंध नाही. तरी तो सेंद्रिय कसा?"

मी कणीक तशीच ठेवली. म्हटलं, "युरिया पहिल्यांदा मिळाला तो लघवीतून. अशी संयुगं फक्त जिवंत शरीरातच बनतात, असं तेव्हा मानायचे. पुढं तो प्रयोगशाळेतही तयार झाला आणि ती समजूत मागं पडली. पण त्याची जागा सेंद्रियातच राहिली. ही सीमा माणसांनीच आखलीय, थोडी वाकडीतिकडी."

ती बघतच राहिली. "हे सरांनी नाही सांगितलं."

त्या रात्री मी जेवणानंतर गुणगुणत होते म्हणे.

दुसऱ्या दिवशी ती उड्या मारतच घरी आली. "मी सरांना युरियाचं सांगितलं. त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, लघवीवर काय हसली पोरं!"

"आणि आईनं सांगितलं म्हणालीस का?"

"अगं, ते राहिलंच," असं म्हणून तिनं फ्रीज उघडला.