विहिरीच्या वाटेवरची जाळी

आज सकाळी साताऱ्यात फिरायला गेले, तर मैदानातल्या गवतावर कोळ्यांची नरसाळ्यासारखी जाळी दवानं पांढरी झालेली दिसली आणि मला उंब्रजचं आमचं रान आठवलं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एका सकाळी आम्ही उठलो तर धाकटी बहीण रुबीना अंथरुणात नव्हती. चार वर्षांची पोर! अम्मी अनवाणीच विहिरीकडे धावली. तिकडे जायला गवत माजलेली एकच पायवाट होती. शेजारच्या तानूमावशींनी तिचा दंड धरला.

"आवं भाभी, थांबा. वाटभर ही जाळी बघा. एक तरी मोडलंया का? पोरगी हिकडं आलीच न्हाई."

अम्मी वाकून बघत राहिली. प्रत्येक जाळं अख्खं होतं, आतल्या भोकात कोळी निवांत बसलेला.

रुबीना गोठ्यामागं कडब्यात, शेळीच्या करडाला कवटाळून झोपलेली सापडली. अम्मी तिला रागावली नाही, याचा मला तेव्हा फार राग आला होता. ती नुसती मटकन खाली बसली आणि रुबीनाच्या केसांतला कडबा वेचत राहिली. आता मी स्वतः आई झाल्यावर कळतं, तिच्यात उभं राहायचंही बळ उरलं नव्हतं.