खुशबूच्या कंपनीचा फोन

माझ्या दुकानाची पाटी माझी नाही. तुमसरच्या बाजारात सतरा वर्षं मोबाईल विकतोय, पण पाटीवर 'भैयाजी' हे माझं नाव वीतभर आणि एका बड्या कंपनीचं नाव दहा हात. पाटी त्यांनीच फुकट लावून दिली. आतले दिवे, काचेचे काउंटर त्यांचेच. उरलेली भिंत दुसऱ्या बड्या कंपनीने रंगवली. अशा दुकानात 'ओरिवा' नावाच्या नव्या कंपनीने आपला फोन खपवायला खुशबूला उभं केलं, तेव्हाच मला तिची कीव आली होती. तसं तिला सांगितलं नाही. एक कोपरा रिकामा होता, तो दिला.

कंपनीचा टी-शर्ट तिला ढगळ व्हायचा. लग्न होऊन ती तुमसरातच नांदत होती, आणि बोलण्यात पटाईत. फोनही खोटा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. बॅटरी दोन दिवस टिकायची. कॅमेरा तर असा, की माझ्या गालावरचे मुरुमांचे खड्डे मोजून घ्यावेत. खुशबू बड्या कंपनीचा फोन आणि आपला फोन शेजारी ठेवून दोन्हींत माझा फोटो काढायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "सांगा, कोणत्या फोटोत भैयाजी खरे दिसते?" गिऱ्हाईक हसायचं, तिचा फोन उलटसुलट करून बघायचं आणि विचारायचं, "याचं कव्हर भेटते का?"

कव्हर भेटत नव्हतं. बड्या कंपन्यांची कव्हरं पानठेल्यावरही लटकलेली असतात. ओरिवाचं कव्हर अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हतं. तेवढ्यावरून गिऱ्हाईक हातचं जायचं.

मग खुशबूच्या मोठीआईने, म्हणजे थोरल्या काकू रुखमाबाईंनी, शिलाई मशीनवर कापडाच्या पिशव्या शिवल्या. फोन बसेल एवढ्या, तोंडाला नाडी. फोन घेतला की पिशवी फुकट.

पहिला फोन घेतला मोठेबाबांनी, म्हणजे धनीरामजींनी. खुशबू सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले. या थोरल्या काकाने तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. फोन हातात घेऊन ते मला म्हणाले, "आमच्या पोट्टीची कंपनी आहे, भैयाजी." जणू कंपनी तिनेच काढली होती! धान घेऊन बाजारात आले की हमालांनाही पिशवीतून फोन काढून दाखवायचे. त्यांच्या शब्दावर, त्यांचा धरून, त्यांच्या एका गावात नऊ फोन गेले.

त्यांना स्वतःला फोन हवा होता नातीसाठी. मुलगा मनिष चाकणला कारखान्यात. त्याची हर्षा तेव्हा सहा महिन्यांची. रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल. नात बसायला लागली, रांगायला लागली, चालायला लागली, ते सगळं त्यांनी फोनमध्येच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं.

वर्ष गेलं. बड्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "भैयाजी, त्या कोपऱ्यात आमचा नवा काउंटर बसवू." मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. खुशबूला मागे चार्जरच्या खोक्यांजवळ जागा दिली. तिनेच आपले फोन उचलून तिकडे मांडले, आणि ते मला जास्त लागलं. दोनच महिन्यांत ओरिवा कंपनीच बंद पडली. निरोप नाही, कागद नाही. नागपूरच्या ऑफिसचा नंबर लागेनासा झाला, एवढंच.

मी शब्द टाकून तिला बड्या कंपनीत लावून दिलं. दुकान तेच, टी-शर्ट नवा. हा तिच्या अंगाला नीट बसला. आता ती माझा फोटो काढत नाही.

फोन चालू होते, पण अपडेट येणं थांबलं आणि एकेक अ‍ॅप बंद पडू लागलं. आधी व्हिडिओ कॉल गेला. गावातली माणसं दुकानात येऊ लागली. बाबुलालने तर फोन तिच्यासमोर आपटला. "खुशबू, तुयं तोंड पाहून घेतला होता मी!" नऊपैकी आठ फोन असे परत आले. मोठेबाबा तेवढे आले नाहीत.

तिने त्यांना विचारलंही. "मोठेबाबा, तुमच्या फोनात हर्षा दिसते ना?"

"दिसते ना! रोज दिसते. झक्कास."

मी म्हटलं, अगं, फोन तर तोच, यांचाच कसा चालेल? ती माझ्यावरच चिडली. "चालत असन एखादा!" तिला तसं वाटायला हवं होतं. मग मीही बोलायचं सोडलं.

यंदा दिवाळीनंतर मोठेबाबांच्या गावच्या मंडईच्या जत्रेला तिने मला जेवायला नेलं. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा धनीरामजी ओसरीवर एकटेच बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी घाईने पिशवीतून फोन काढला आणि तोंडासमोर धरला. "हाव, हर्षा! दिसून राहिली ना, बाई. थांब, तुयी आत्या आली."

खुशबू हसत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, तिच्यामागे मी. फोनच्या काचेवर हर्षा नव्हती. हे अ‍ॅप या फोनवर चालत नाही, अशा दोन ओळी होत्या.

खुशबूने आपल्या फोनवरून मनिषला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून तो वैतागून बोलला, "अवं, आता तूच समजाव बाबाले. आठ महिने झाले व्हिडिओ बंद होऊन. मी दुसरा फोन धाडतो म्हणतो, तर म्हणते, नोको, पोट्टीले वाईट वाटन. तुले सांगू नोको म्हणून शपथ घातली."

मनिषने हर्षाला पुढे धरलं. पोर आता अडीच वर्षांची झाली होती. "हर्षा, आजाले टाटा कर."

तिने काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि बापाच्या खांद्यात तोंड लपवलं. "हर्षा, मी आजा. ओ हर्षा," त्यांनी दोनदा, तीनदा हाक मारली. पोर भोकाड पसरून रडायला लागली. शेवटी मनिषनेच कॉल बंद केला.

खुशबूला हुंदका आवरेना. "माया फोनापायी झालं हे, मोठेबाबा."

त्यांनी तिचा फोन तिच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुयी काय चूक वं? या फोनात मायं तोंड बरोबर दिसत नसन. आपल्या फोनाचा कॅमेरा चांगला होता."

मग त्यांनी आपला फोन कापडी पिशवीत घातला, नाडी ओढली आणि रुखमाबाईंना आमची पानं वाढायला सांगितली.