सहाला पाच

ठिपकेबाईंना स्वप्नं पडायची तीसुद्धा चौकटींची. उंच, अरुंद चौकटींतून एखादी नदी पायरी-पायरीने उतरत यायची, काठावर माणसं उभी असायची, आणि बाई झोपेतच त्यांना मोजायच्या : आडवे अकरा, उभे तेवीस. शेजारी झोपलेले त्यांचे यजमान एकदा म्हणाले होते, "अगं, मेंढ्या मोजतात झोप येण्यासाठी. तू झोप लागल्यावर कुणाला मोजतेस?"

खरं नाव बाईंना होतंच, पण ते फक्त पगारपत्रकावर. शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवणाऱ्या त्या तीन खोल्यांच्या कचेरीत सगळे त्यांना ठिपकेबाईच म्हणायचे. आधी त्या एका मासिकासाठी भरतकामाचे नमुने काढायच्या. आलेखाच्या कागदावर, एका चौकटीत एक टाका. ते नमुने साहेबांच्या पाहण्यात आले आणि त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"स्क्रीन असाच असतो, बाई. आडवे तीनशे वीस ठिपके, उभे दोनशे. रंग चार."

"चारच?"

"त्यातला एक काळा."

उरलेले तीन म्हणजे पांढरा, आकाशी आणि डोळ्यांत भरणारा राणी रंग. तेवढ्यावर बाईंनी पहिलं चित्र काढलं, गोष्टीच्या धड्यातला चंद्र. कागदावर गोल गरगरीत. स्क्रीनवर उगवला तो मात्र अंड्यासारखा. सगळी कचेरी पोट धरून हसली. "कोंबडी कुठाय, बाई?" असं विचारणाऱ्यांत खुद्द साहेब होते.

हसला नाही तो फक्त गणिती. हा प्रोग्राम लिहिणारा माणूस, दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलणारा. तो म्हणाला, "चूक तुमची नाही. स्क्रीनवरची चौकट चौकोनी नसते, रुंदीपेक्षा उंच असते. गोल हवा असेल तर आडवे सहा ठिपके, उभे पाच."

सहाला पाच. बाईंनी पट्टी घेऊन उंच चौकटींचा कागद स्वतः आखला, त्याच्या गठ्ठाभर प्रती काढून घेतल्या, आणि पुढची नऊ वर्षं त्या कागदात राहायला गेल्या. पांढरा आणि राणी रंगाचा ठिपका आळीपाळीने लावला की लांबून गुलाबी गाल दिसतो, आकाशीत काळा पेरला की संध्याकाळ होते, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. कचेरीच्या खिडकीशी पापण्या अर्धवट मिटून त्या तासन्‌तास उभ्या राहायच्या. समोरच्या भिंतीवरचं ऊन ठिपक्याठिपक्यांनी सरकायचं.

मग एके दिवशी सोळा रंग आले. त्या दुपारी बाईंनी काम म्हणून काही केलं नाही. पडदाभर पिवळा ओतला आणि त्यापुढे बसून राहिल्या, हिवाळ्यात कुणी उन्हात बसावं तशा. चौकटी मात्र त्याच राहिल्या, उंच. सहाला पाच बोटांत इतकं मुरलं होतं, की घरी पापडाएवढं वर्तुळ काढायचं झालं तरी हात आपोआप ते आडवं काढायचा.

दहाव्या वर्षी, एका सोमवारी, नवा स्क्रीन आला.

"आडवे सहाशे चाळीस, उभे चारशे ऐंशी!" साहेब जावई आल्यासारखे हरखले होते. "आणि चौकट अगदी चौकोनी. बाई, सुटलात!"

त्यांनी जुना चंद्र नव्या स्क्रीनवर लावला. चंद्र पसरला होता, कुणी उशी समजून त्यावर बसून उठावं तसा.

"जुनी चौसष्ट चित्रं आहेत," साहेब म्हणाले. "शुक्रवारी शाळांच्या तपासनीस बाई बघायला येणार. गणितीने ताणायचा प्रोग्राम लिहिलाय. एका रात्रीत सगळी उभी ताणून देईल."

गणितीने चंद्र ताणून दाखवला. उंची बरोबर आली, पण प्रोग्रामने काही ओळी दोनदा काढल्या होत्या, काही तीनदा. चंद्राची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती.

"हा असा जाणार मुलांसमोर?" बाई म्हणाल्या. "मी नव्याने काढते."

"चौसष्ट? शुक्रवारपर्यंत?" साहेब आवाज उतरवून म्हणाले, "स्पष्टच सांगतो. ताणून काम भागणार असेल, तर चित्रांचं टेबल ठेवायचं कशाला, असं वरून विचारताहेत. फ्लॉपी कॉपी करायला माणूस हवाच आहे. तुम्हाला घरी नाही बसवणार."

बाईंनी दुकानातून साधा आलेखाचा कागद आणला आणि चंद्र काढायला घेतला. जीव ओतून काढला. स्क्रीनवर लावला, तर पुन्हा पसरट! चौकटी चौकोनी झाल्या होत्या. हात अजून सहाला पाचच मोजत होता. जुन्या चंद्राला यंत्राने बिघडवलं होतं. हा तर त्यांनी स्वतः बिघडवला.

मंगळवारी दुपारी त्या यजमानांच्या दुकानात जाऊन बसल्या. दुकान चष्म्यांचं. भिंतीभर रिकाम्या फ्रेमा, प्रत्येकीत दारातल्या उजेडाचा एकेक तुकडा.

"अहो, माझा हातच वाकडा झालाय."

"हात नाही, सवय." ते काच पुसत म्हणाले. "नवा नंबर दिला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. म्हणतं, जमीन तिरकी दिसते. मी सांगतो, चार दिवस घालून फिरा."

"माझ्याकडे तीन आहेत."

"मग तीन दिवसांत जेवढं होईल तेवढंच कर. आणि गंमत सांगू? झाड वाकडं दिसतं अशी तक्रार घेऊन आजवर एकही माणूस आलेला नाही. दाराची चौकट वाकडी दिसली, की लगेच बोंब!"

"झाड मुळातच वाकडं असतं हो."

"तेच म्हणतोय मी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे. मग पिशवी उचलून चालू लागल्या. "अगं, चहा तरी..." हे शब्द दारातच राहिले.

"साहेब, चौसष्ट नको," कचेरीत शिरता शिरता त्या म्हणाल्या. "झाडं, डोंगर, घरांची छपरं, सगळं ताणू दे गणितीला. झाडाची कड कुरतडली तर ते जास्तच झाड वाटेल. पण गोल वस्तू माझ्या. गोल कसा असतो हे पोराटोरांनाही कळतं, तिथे फसवता येत नाही. मी मोजल्यात. अकरा आहेत."

"अकराच?"

"गाडीची चाकं, घड्याळ, चेंडू, विहिरीचं तोंड, त्या रडणाऱ्या मुलीचे डोळे... आणि चंद्र."

गणितीने दिवसातलं अकरावं वाक्य खर्च केलं. "बाई बरोबर सांगताहेत."

मोजायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. कंपास घेतला, टोक रोवलं, फिरवला. झालं वर्तुळ. नऊ वर्षांचं गणित एका गिरकीत संपलं. त्या हिरमुसून बघत राहिल्या. मग दिसलं, की रेघ चौकटींना कापत गेली आहे. कुठे अर्ध्याहून जास्त, कुठे कमी, कुठे नुसती चाटून. कुठली चौकट भरायची, कुठली सोडायची, कुठे कडेला पिवळ्या आणि काळ्याच्या मध्ये एक करडा ठिपका टेकवायचा, हे कंपासाला ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं. गुरुवार संध्याकाळपर्यंत दहा वस्तू झाल्या. मुलीच्या डोळ्यांत त्यांनी दोन पांढरे ठिपके जास्तीचे ठेवले, आणि रडणं थांबल्यासारखं झालं. शुक्रवारी सकाळी चंद्र.

तपासनीस बाई खुर्चीत बसल्या. खोलीचे पडदे ओढले होते, आणि धडा सरकू लागला तसा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड चढत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "झाडं काय सुरेख आहेत हो! साल कशी खडबडीत!" आणि सही करून गेल्या.

साहेब हिरमोड झाल्यासारखे वळले. "बाई, चंद्राबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यांनी."

"म्हणजे गोल आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, बाईंच्या टेबलाकडे पाहिलं, आणि नाकावरचा चष्मा उगाचच वर सरकवला. "हे टेबल राहू दे इथेच. वर काय सांगायचं ते मी सांगतो."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद पसरला. पुढच्या धड्यात समुद्र होता.