रोखीनं विकलेला काजू

मी चंदगडला नोकरीला होतो तेव्हाची, नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. एका शनिवारी कोल्हापूरहून परतताना एसटीत एक बाई शेजारी येऊन बसली. रिकाम्या पिशव्यांची घडी मांडीवर ठेवून ती त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. काजूच्या टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती.

"सगळा माल खपला वाटतं," मी म्हणालो.

"खपला न्हाय पावणं, खपवला!" ती हसली.

त्याच वर्षी तिनं घरच्या पडवीत काजू सोलायचा धंदा काढला होता. हाताखाली गल्लीतल्या बायका होत्या आणि त्यांचा पगार थकला होता. सकाळी एक व्यापारी सगळा माल घ्यायला तयार झाला, पण पैसे दिवाळीनंतर देणार म्हणाला. तिनं नकार दिला. मग दिवसभर मिठाईच्या दुकानांतून फिरून तिनं किलो-दोन किलो करत सगळा काजू रोखीनं विकला.

"भाव कमीच मिळाला. पर बायकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता येतंय की!"

एवढं बोलून ती खिडकीला टेकली आणि गाढ झोपली. कित्येक दिवसांची झोप राहिली असावी.

तिच्या गावच्या थांब्यावर चार-पाच बायका ताटकळत उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आतच ती दारात जाऊन ओरडली, "अगं, पगार आणलाय! आन सोमवारी समद्यांनी कामाला यायचं!"

मालकिणीचा आवाज कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. कंडक्टरनंही घंटी मारायला जरा वेळ घेतला.