अकरा फरश्या

माझ्या हातून आजवर जे काही बरं झालं असेल, त्याचा उगम माझ्या थोरल्या बहिणीपाशी आहे. तिला आम्ही अक्का म्हणतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि अक्का चौथी संपवून पाचवीत जाणार होती. ती पाचवीत गेलीच नाही. अक्कलकोटच्या आमच्या गल्लीत ती मला कडेवर घेऊन हिंडायची. दहा वर्षांच्या पोरीची कड ती केवढी! मी घसरायचो आणि ती मला पुन्हा वर ओढून घ्यायची. हे मला आठवतं असं मी म्हणतो खरा, पण शेजारच्या बायकांनी ते इतक्यांदा सांगितलंय की आठवण माझी की त्यांची, हे आता ठरवता येत नाही.

पुढे तिचं लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा यंत्रमागावर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. अक्का विड्या वळून एकटी राहू लागली. बारावी झाल्यावर मी कॉलेजसाठी तिच्याच खोलीत राहायला आलो. एका भिंतीला टेकून ती मांडीवर पाना-तंबाखूचं सूप घेऊन बसायची आणि समोरच्या भिंतीला टेकून मी वाचायचो. ओल्या तेंदूपानांचा आणि तंबाखूचा वास माझ्या वह्यांना लागायचा. बी.कॉम. झालो तेव्हा मी गुणपत्रिका तिच्या हातात दिली. आमच्या घरातला तो पदवीचा पहिला कागद, सगळा इंग्रजीत. तिनं आधी हात पदराला पुसले, मग कागद धरला.

"ह्यात तुजं नाव कुटं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"आन माजं?" असं म्हणाली आणि हसत सुटली.

पुढे मला चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, जुळे सोलापूर भागात तळमजल्यावर घर घेतलं. एक दिवस अक्काला सूप कायमचं खाली ठेवायला लावायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ती काही ऐकायची नाही. "सायेब झालास तर तुज्या हापिसात. हितं मी मालकीन," म्हणायची.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका सकाळी पानं कापताना तिच्या हातातून कात्री पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. मुंग्या आल्या असतील म्हणून ती जरा आडवी झाली. दुपारी शेजारीण पानं मागायला आली, तेव्हा अक्काचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि तिला बोलता येत नव्हतं. मी कारखान्यातून थेट दवाखान्यात पोहोचलो. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता.

बारा दिवसांनी तिला घरी सोडलं. मी तिला माझ्याच घरी आणलं. तिच्या खोलीला कुलूप लावण्याआधी सूप, कात्री आणि पानांचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. आता या कामाचं नाव नको, असं अक्काला ठसक्यात सांगितलंही. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ होती. फिजिओथेरपी लगेच सुरू करावी, असं लिहिलेलं होतं. मी ती वाचली होती. पहिल्या दिवशी मी आणि बायकोनं अक्काला धरून उभंही केलं. उजवा पाय कापडासारखा लोंबला, ती कळवळून ओरडली आणि आम्ही तिला घाबरून खाली बसवलं. जरा अंगात ताकद येऊ दे, मग बघू, असं मी म्हणालो. त्या 'मग'मध्ये तीन महिने गेले.

त्या तीन महिन्यांत मी तिची सेवा केली. हा शब्द मी तेव्हा अभिमानानं वापरत होतो. सकाळी तिला उचलून न्हाणीत न्यायचं, उचलून खुर्चीत बसवायचं, ऑफिसला जाण्याआधी उचलून पलंगावर ठेवायचं. दुपारी बायको घास भरवायची. अक्काचा डावा हात चांगला होता, पण तिला तोही आम्ही फार चालवू दिला नाही. भेटायला येणारे लोक दारातूनच हे बघायचे. "भाऊ असावा तर असा," म्हणायचे. गावाकडचे एक काका तर लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचं म्हणून जिवंत कबुतर पिशवीत घालून आले होते. मी त्यांना पिशवीसकट परत पाठवलं आणि बायकोला म्हणालो, "शिक्षणाचा उपयोग असतो तो इथं." खरं सांगायचं तर कबुतरानं अक्काचं जेवढं नुकसान केलं असतं, त्याहून जास्त मी केलं.

अक्का गप्प होती. शब्द तिला सापडायचे नाहीत. पण एकदा न्हाणीतून आणताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती तुटक तुटक म्हणाली, "कडेवर... तुला... मी." मी रडलो. मला वाटलं, फिटतंय थोडंथोडं.

रक्तदाब तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचा पाय वाकवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फिजिओथेरपीच्या खोलीकडे बोट केलं. तिथे एक तरुण मॅडम होत्या. अक्काला बाकावर बसवून त्यांनी विचारलं, "मावशी घरात दिवसाला किती पावलं चालतात?"

"एकही नाही," मी सांगितलं. "मी अक्काचा पाय जमिनीला लागूच देत नाही."

मी हे छाती पुढे काढून सांगितलं होतं. मॅडमनी अक्काचा उजवा पाय हातात घेऊन पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, मेंदूला जे काम पुन्हा पुन्हा करायला लावाल, ते तो नव्यानं शिकतो. तीन महिने तुम्ही त्याला एकच शिकवलंय, की उजवा पाय नाहीच."

"आता?"

"आताही शिकेल. पण पहिल्या महिन्यांत जेवढं ऐकलं असतं, तेवढं आता ऐकेल का, हे मी नाही सांगू शकत."

अक्का बाकावर बसून समोरच्या लाकडी जिन्याकडे बघत होती. वर जाऊन कुठेच न पोहोचणारा, सरावासाठी केलेला तीन पायऱ्यांचा जिना. तिनं डावा हात उचलून त्याच्याकडे दाखवलं.

"तीन," ती म्हणाली. "माज्या... घराला. तीन."

तिच्या खोलीच्या दारालाही तीनच पायऱ्या होत्या. त्या दिवशी मला कळलं, तीन महिने ती पलंगावर पडून काय मोजत होती.

मग आमच्या घरात खरं काम सुरू झालं. पहिलं शिकायचं ते खुर्चीतून उठणं. खुर्ची जितकी उंच तितकं उठणं सोपं, म्हणून मॅडमनी बैठक उंच करायला सांगितली. आम्ही खुर्चीवर चार सोलापुरी चादरी घड्या घालून ठेवल्या. पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, मग उठायचं. दिवसातून कितीतरी वेळा. जमू लागलं की एक चादर काढायची. पहिली चादर निघायला सतरा दिवस लागले. बायकोनं ती काढून कपाटात ठेवली तेव्हा अक्का तिला म्हणाली, "दुसरी... आज नगं. हावरट."

उजव्या पायाचं पाऊल खाली लोंबायचं, त्याला प्लॅस्टिकचा साचा बसवला. डाव्या हातात चार पायांची काठी दिली. आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत अकरा फरश्या होत्या, त्याच आमचं मोजमाप झाल्या. पहिल्या आठवड्यात दोन फरश्या. दिवाळीला सहा. मध्येच तिला ताप आला आणि आम्ही पुन्हा तीनवर आलो.

माझं काम तिच्या उजव्या बाजूला थोडं मागे राहून चालणं. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधलेला असायचा. ती पडायला लागली तरच तो धरायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. मला ते जमायचं नाही. गुडघा थरथरला की माझा हात आपोआप तिच्या काखेत जायचा. एके सकाळी चौथ्या फरशीवर तसंच झालं. अक्का थांबली. काठी आपटून म्हणाली,

"हात काड."

"पडशील, अक्का."

"पडू दे." तिला दम लागला होता. शब्द गोळा करायला वेळ लागला. "तुला चालाय शिकवलं... तवा... बोट सोडलं हुतं की मी."

मी हात काढून घेतला. ती पाचव्या फरशीवर गेली. मी मात्र चौथीवरच उभा राहिलो.

हाताचं तसं झालं नाही. चांगल्या हातावर कापडी पिशवी बांधून ठेवायची, म्हणजे दुखऱ्या हाताला काम करावंच लागतं. चादरीच्या तुकड्याची पिशवी बायकोनं शिवली. "चोराला... बेडी," अक्का म्हणायची. मॅडमनी विचारलं, हाताला सगळ्यात सवयीचं काम कोणतं? अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी शेजारणीकडे जाऊन सूप आणि पानं परत मागून आणली. शेजारीण म्हणाली, "मला ठावं हुतं, तुमी येनार. म्हून वापरलं न्हाय."

त्या उजव्या हातानं आयुष्यभरात किती विड्या वळल्या असतील, देव जाणे. आता तो पानाच्या कडेपाशी जाऊन थांबायचा. अंगठा हलायचा, पहिलं बोट थोडं मिटायचं, बाकीची बोटं झोपल्यासारखी. कित्येक महिन्यांनी एकदा, तंबाखूशिवाय, तिनं एक पान गुंडाळलं. दोरा बांधायला माझ्याकडे पुढे केलं. मी दोरा उचलेपर्यंत पान तळहातावर उलगडून मोकळं झालं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग सूप बाजूला सारलं आणि पुन्हा मागितलं नाही. "नशिबात येवडंच," एवढं म्हणाली.

अकरावी फरशी गेल्या उन्हाळ्यात आली. ती दारात पोहोचली, उंबऱ्याला काठी लावली आणि म्हणाली, "रिक्षा बोलव." मी म्हणालो, आता कशाला, उन्हाचं नको, पावसाळा जाऊ दे. मला ती जायला नको होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी रिक्षा बोलवायला बाहेर पडलो.

तिच्या खोलीच्या पायऱ्यांवर तिनं आधी चांगला पाय टाकला, मग दुखरा वर ओढला. मॅडमनी शिकवलं होतं तसंच. एक. दोन. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर ती डुलली. माझा हात पट्ट्यापाशी गेला आणि तसाच हवेत राहिला. तिनं चौकट धरली आणि आत गेली.

तेव्हापासून ती तिथेच राहते. डाव्या हातानं स्वयंपाक करते, शेजारीण भाकरी थापून देते. दर रविवारी मी जातो. पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती. मॅडमनी पहिल्या दिवशी पहिल्या महिन्यांबद्दल जे सांगितलं, ते तिला नीट कळलं नव्हतं, आणि मी कधी समजावून सांगितलं नाही. ती हाताकडे बघून नशीब म्हणायची आणि मी ऐकून घ्यायचो. फोनवर दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "वरन उतू चाललंय," आणि फोन ठेवला.

जीभ सैल व्हावी म्हणून तिला रोज मोठ्यानं वाचायला सांगितलेलं आहे. चौथीपर्यंतची अक्षरं तिच्या कामाला येतात. म्हणून शेवटी मी पत्र लिहिलं. रेघी कागदावर, दोन-दोन ओळी सोडून, मोठ्या अक्षरांत. ते असं:

अक्का,

हे पत्र मोठ्यानं वाच. आजचं वाचन यातच धर. कागद उजव्या हाताखाली दाब. डाव्या हाताचं बोट ओळीवरून फिरव. घाई करू नको.

तुझं वरण इतक्यांदा उतू जात नाही, हे मला माहीत आहे.

तुझ्या हाताबद्दल लिहितो. दवाखान्यातून आलो तेव्हा तुला लगेच उठवायचं होतं. कागदावर तसं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. तू ओरडलीस. मला ते ऐकवलं नाही. म्हणून मी तुला उचलू लागलो. लोक मला चांगला म्हणू लागले. ते मला आवडलं. तीन महिने गेले. ते महिने फार मोलाचे होते. हे मॅडमनी मला सांगितलं. मी तुला सांगितलं नाही.

त्या दिवसांत उठली असतीस तर हात आला असता का? मॅडम म्हणतात, कुणालाच सांगता येणार नाही. मीही रोज विचार करतो. मलाही सांगता येत नाही.

तू नशिबाला बोल लावतेस. त्याला लावू नको. मला लाव.

माफ कर, असं मी लिहीत नाही. लिहिलं तर तू लगेच करशील. तुला राग आला तर येऊ दे. मला ऐकव. शब्द सापडले नाहीत तरी थांबेन.

माझ्या गुणपत्रिकेत तुझं नाव कुठं आहे, असं तू विचारलं होतंस. मी तेव्हा नुसता हसलो होतो.

रविवारी सकाळी येतो. पायऱ्यांच्या खाली उभा राहीन. दार ढकलणार नाही. तू उठ. काठी घे. तुला लागेल तेवढा वेळ लागू दे. कडी आधी उजव्या हातानं काढून बघ. नाही निघाली तर डाव्या हातानं काढ.

मी बाहेर आहे.

तुझा,
तू कडेवर घेतलेला